गिऱ्हाईक म्हणतंय "ॲप पाहिजे". पण नक्की काय पाहिजे?

सॉफ्टवेअरच्या धंद्यावर केलेल्या मागच्या व्हिडिओत मी एक उदाहरण दोन मिनिटांत उरकलं होतं. त्यावर इतके फोन आले की म्हटलं, ते इथं नीट लिहूनच काढूया. ज्याची गोष्ट आहे त्यानं लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नाव नको म्हणाला. आकडे मात्र त्याच्या वहीतलेच आहेत.

कोल्हापुरातनं हुपरीकडं निघालं की गडमुडशिंगी लागतं. एका बाजूला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या बाजूला उजळाईवाडीचं विमानतळ, आणि जरा पलीकडं गोकुळ शिरगावची एमआयडीसी. गावातली कितीतरी घरं या एमआयडीसीवर चालतात. आपला हा पोरगा त्यातलाच. वडील टर्नर होते. यानं डिप्लोमा केला, चार वर्षं एका मशीन शॉपमध्ये स्टोअर सांभाळलं, आणि तिथला चलनांचा गोंधळ बघून स्वतःच जॉबवर्कचं सॉफ्टवेअर लिहिलं. आज त्याच्याकडं ४१ गिऱ्हाईकं आहेत. प्रत्येकाकडनं वर्षाला ६,००० रुपये मेंटेनन्स, म्हणजे २,४६,००० रुपये. नवीन विक्री होईल ती वेगळी. घर चालतं, पण उड्या मारता येत नाहीत.

मला फोन आला तेव्हा तो गोल्ड लोन काढायच्या तयारीत होता. सोनं आईचं. कारण काय, तर दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंय, "ॲप आहे का?" आणि एक मोठं गिऱ्हाईक म्हणालं, ॲप नसेल तर मार्चनंतर दुसरं सॉफ्टवेअर बघतो. मग त्यानं एका एजन्सीकडनं कोटेशन घेतलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही मिळून ६,५०,००० रुपये, आणि पुढं दर वर्षी २० टक्के देखभाल.

मी त्याला एवढंच विचारलं, "वीस टक्के म्हणजे किती रे?" एक लाख तीस हजार. म्हणजे ४१ गिऱ्हाईकांकडनं वर्षभर गोळा होणाऱ्या पैशातला निम्म्याहून जास्त हिस्सा फक्त ॲप जिवंत ठेवायला जाणार. सोनं तर एकदाच गहाण पडतं, हे दर वर्षी पडणार! त्यानं हिशोब ६,५०,००० चा केला होता, १,३०,००० चा केलाच नव्हता. ॲपच्या बाबतीत बहुतेक जण इथंच फसतात. ॲप म्हणजे एकदा घेतलेलं मशीन नाही. गूगल दर वर्षी अँड्रॉइडची किमान पातळी वर सरकवतं. तुम्ही ॲप त्या पातळीला आणलं नाही, तर स्टोअरवर नवीन अपडेट टाकता येत नाही आणि काही काळानं नव्या फोनवाल्यांना ते दिसतही नाही. म्हणजे तुम्ही एकही नवीन बटण वाढवलं नाही तरी खर्च चालूच.

"ॲप पाहिजे" म्हणणारी तीन माणसं

आता हे सॉफ्टवेअर करतं काय, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फौंड्री कास्टिंग ओतते आणि मशीनिंगला बाहेर देते. टेम्पोतनं चलनासोबत ५०० नग येतात. मशीन शॉप ते करतं, काही रिजेक्ट होतात, काही कास्टिंगमध्येच खराब निघतात, उरलेले परत जातात. मग कुणाचे किती नग कुणाकडं पडून आहेत, याचा हिशोब ठेवायचा. हा हिशोब चुकला तर नुसती भांडणं होत नाहीत. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणं जॉबवर्कला दिलेला माल एक वर्षाच्या आत परत यायला हवा, भांडवली वस्तू असतील तर तीन वर्षांत. नाही आला तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर लागतो. म्हणून फौंड्रीवाले या आकड्यांच्या मागं असतात.

मी त्याला म्हटलं, कोटेशन बाजूला ठेव. आधी ४१ जणांना फोन लाव आणि एकच विचार, "ॲप आलं तर पहिल्या दिवशी त्यात काय उघडून बघाल?" "ॲप पाहिजे का" असं विचारायचं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. लग्नात "अजून एक जिलेबी?" म्हटल्यावर म्हणतात तसं.

३४ जणांनी धड उत्तर दिलं, आणि ती उत्तरं तीन ढिगांत पडली. मालक म्हणाले, "मी पुण्याला असलो तरी आज किती माल गेला, किती बिल झालं, ते दिसायला पाहिजे." स्टोअर आणि गेटवरची माणसं म्हणाली, "आलेला माल तिथंच टाकता आला पाहिजे, संध्याकाळी ऑफिसात जाऊन परत टायपिंग नको." आणि काही मालकांनी सांगितलं की त्यांना स्वतःला काही नकोय, पण फौंड्रीचा प्लॅनिंगवाला दिवसातनं चार वेळा फोन करतो, "माझे नग किती झाले?" त्याला परस्पर दिसलं तर बरं.

बघा, तिघांनी वापरलेला शब्द एकच, "ॲप". पण ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिघांचा खर्चही वेगळा. मालकाला फक्त बघायचंय, त्याला ॲपच लागत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये नीट उघडणारं एक पान पुरतं. फौंड्रीच्या प्लॅनिंगवाल्याला तर पानही नको, संध्याकाळी सहा वाजता एक व्हॉट्सॲप मेसेज गेला तरी तो खूश. खरं ॲप लागतंय ते गेटवरच्या माणसाला. आणि मजा म्हणजे, या तिघांत पैसे देणारा मालक आणि ॲप लागणारा गेटवाला. म्हणून कोटेशन देताना एजन्सीनं मालकाला आवडतील असे रंगीत ग्राफ दाखवले होते. गेटवाल्याचा विचार त्यात एका ओळीचासुद्धा नव्हता.

मोठ्या कंपन्यांनीही हे शिकायला वेळ घेतला. सॅप ही जर्मनीची कंपनी, त्यांचं सॉफ्टवेअर जगातले मोठमोठे कारखाने वापरतात. त्यात हजारो स्क्रीन आहेत. २०१३ मध्ये त्यांनी फियोरी नावानं फोनवर चालणारी सोय आणली, तेव्हा सगळं सॅप फोनमध्ये कोंबलं नाही. लोक सगळ्यात जास्त वापरतात अशी पंचवीस कामं काढली, रजा मंजूर करणं, खरेदीची ऑर्डर मंजूर करणं अशी, आणि सुरुवात तेवढ्यावर केली. आपल्याकडं टॅलीचंही तेच. १९८६ पासूनची कंपनी, सगळा कारभार कॉम्प्युटरवर. फोनकडं वळताना त्यांनी २०१९ च्या सुमारास आधी ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघायची सोय दिली. बघणं आधी, लिहिणं नंतर. ज्यांच्याकडं हवे तेवढे इंजिनियर आहेत ते असं जपून पाऊल टाकतात, आणि आपण गडमुडशिंगीत बसून पहिल्याच फटक्यात ६० स्क्रीनचं ॲप मागतो.

ई-पीक पाहणीतनं काय घेण्यासारखं आहे

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात शेती असणार, म्हणून हे उदाहरण. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे त्यात पीक काय. ही नोंद पूर्वी तलाठी करायचे. राज्यभराचे सातबारे कॉम्प्युटरवर आले, पण शिवारात जाऊन पीक बघायचं काम तसंच राहिलं होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणीचं ॲप आलं आणि शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची सोय झाली.

धंद्याच्या नजरेनं याच्याकडं बघा. मागं केवढी मोठी यंत्रणा आहे! फेरफार, वारसनोंद, बोजा, खातेफोड. त्यातलं फोनवर काय आलं? फक्त पीक. कारण तेवढीच एक गोष्ट अशी आहे जी ऑफिसात बसून खरी कळत नाही, शिवारातच कळते. बाकीचं जिथल्या तिथं राहिलं. तुमच्या सॉफ्टवेअरमधलं "शिवारात घडणारं काम" कुठलं, हे शोधलं की ॲपची निम्मी योजना झाली.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट पुढच्या आवृत्तीतली. १ ऑगस्ट २०२२ पासून सुधारित ॲप आलं, त्यात नोंद केल्यावर ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतःला दुरुस्ती करता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित धरायची आणि तलाठ्यानं दहा टक्के तपासायची, असं ठरलं. शिवाय फोटो त्या गटापासनं लांब उभं राहून काढला तर ॲप तसं सांगायला लागलं. हे तिन्ही बदल पडद्याच्या रंगाचे नाहीत. माणूस चुकणारच, मग चूक कुणी, किती वेळात, कशी दुरुस्त करायची, त्याचे हे नियम आहेत. ॲप बनवणारा प्रोग्रामर हे नियम तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हीच ठरवून द्यायचे असतात.

तिसरी गोष्ट रेंजची. शिवारात नेटवर्क नसतं म्हणून नोंद फोनमध्ये साठवायची आणि रेंजमध्ये आल्यावर वर पाठवायची, अशी सोय त्यात ठेवावी लागली. तुम्ही म्हणाल, एमआयडीसीत तर फुल रेंज आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, तीन बाजूंनी मशीनं आणि मध्ये कास्टिंगचा ढीग, अशा जागी उभं राहून फोन लावून बघा एकदा.

चार तास गेटवर

मग मी त्याला एका गिऱ्हाईकाच्या गेटवर बसायला लावलं. सकाळी नऊ ते एक. हातात वही, काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं. हे मी सगळ्यांना सांगतो, पण करणारे थोडे, कारण गेटवर बसायला इंजिनियरला लाज वाटते.

त्या चार तासांत सात गाड्या आल्या. एकाही गाडीची नोंद त्या वेळी कॉम्प्युटरवर झाली नाही. वॉचमननं रजिस्टरमध्ये लिहिलं, स्टोअरवाल्यानं चलनाच्या मागं पेननं मोजलेला आकडा लिहिला, आणि चलन खिशात गेलं. एका गाडीत चलनावर २०० आणि मोजल्यावर १९६ निघाले. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, घाई हाय, उद्या बघू." गाडी गेली. ते चार नग कुठं लिहिले? कुठंच नाही. संध्याकाळी ऑफिसातल्या मुलीनं चलनावरचे छापील २०० टाकले. महिन्याच्या शेवटी फौंड्री आणि मशीन शॉप ज्या चार नगांवरनं भांडतात, ते इथं सकाळी सव्वाअकराला हरवले होते.

तो घरी आला आणि म्हणाला, "सर, ग्राफ नको. मला एकच स्क्रीन पाहिजे. चलनाचा फोटो, मोजलेला आकडा, फरक." ही झाली त्याच्या ॲपची स्ट्रॅटेजी. त्याला चार तास आणि एक चहा एवढाच खर्च आला.

मी हे एवढं ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः उलटं केलं होतं. ट्रेनिंगच्या धंद्यात यायच्या आधी मी आणि एक पार्टनर दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायचो. कॉम्प्युटरवर जेवढं होतं तेवढं सगळं आम्ही फोनवर आणलं. आठ महिने गेले. दुकानदारांनी कौतुक केलं, इन्स्टॉल केलं, आणि परत कॉम्प्युटरवरच बिलं करायला लागले. कारण गर्दीच्या वेळी कीबोर्डवर त्यांचा हात बसलेला होता. आमचे पैसे आणि आमची मैत्री, दोन्ही त्यात गेलं.

आता तांत्रिक भाग, पण घाबरू नका

त्याचं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं. सगळा डेटा गिऱ्हाईकाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. फोन त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणार कसा? एजन्सीच्या कोटेशनमध्ये याचं उत्तरच नव्हतं. "सर्व्हर क्लायंटनं पुरवायचा" एवढी एक ओळ होती, बारीक अक्षरात. खरं काम ॲपमध्ये नसतं, या मधल्या पुलात असतं. इंटरनेटवर एक छोटा सर्व्हर, फोन त्याच्याशी बोलणार, ऑफिसातला कॉम्प्युटरही त्याच्याशी बोलणार. या बोलण्याच्या व्यवस्थेला एपीआय म्हणतात. आधी हा पूल बांधायचा. तो नीट झाला की त्यावरनं ॲप जाईल, मालकाचं पान जाईल, व्हॉट्सॲपचा मेसेज जाईल. पूल नसताना ॲप बनवलं तर ते फक्त फोनमधलं सुंदर चित्र.

या पुलावर दोन खड्डे आहेत, ते सांगतो, कारण दोन्हीत लोक पडलेले मी बघितलेत.

एक, डबल नोंद. रेंज गेली, माणसानं "सेव्ह" दाबलं, काही झालं नाही असं वाटून परत दाबलं. सर्व्हरवर दोन नोंदी, स्टॉकमध्ये ४०० नग. उपाय सोपा आहे. प्रत्येक नोंदीला फोननंच जन्मतः एक ओळख क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक परत आला तर सर्व्हर म्हणणार, ही माझ्याकडं आहे. प्रोग्रामरला पहिल्याच दिवशी हे विचारा. त्यानं "नंतर बघू" म्हटलं तर प्रोग्रामर बदला.

दुसरा खड्डा चलनाच्या नंबराचा. बाहेर जाणाऱ्या मालाचं डिलिव्हरी चलन अनुक्रमानंच निघायला हवं, जीएसटीचा नियम ५५ तसं सांगतो. आता ऑफिसात एक मुलगी चलन काढतेय आणि गेटवर रेंज नसलेला एक फोन चलन काढतोय. दोघांनी ३१२ नंबर टाकला तर? पण त्याच नियमात एकापेक्षा जास्त मालिका चालतात, फक्त नंबर १६ अक्षरांच्या पुढं जायचा नाही. म्हणून ऑफिसची मालिका वेगळी, गेटच्या फोनची वेगळी. हे त्याला त्याच्या सीएनं दहा मिनिटांत सांगितलं. प्रोग्रामर यावर दोन दिवस डोकं आपटत होता.

मग प्रश्न, बनवायचं कशात? वेबसाइटच फोनवर चालवायची का खरं ॲप करायचं, हा वाद जुना आहे. फेसबुकच्या झुकरबर्गनं २०१२ मध्ये जाहीर सांगितलं होतं की फोनसाठी वेबच्या तंत्रावर फार विसंबलो, ही मोठी चूक झाली. ते ऐकून सगळे ॲपकडं धावले. मग आपल्याकडं मिंत्रानं मे २०१५ मध्ये वेबसाइटच बंद केली, फक्त ॲप. वर्षभरानं, २०१६ मध्ये, वेबसाइट परत आणली. फ्लिपकार्टनंही मोबाइलवरची साइट बंद केली होती, आणि २०१५ च्याच नोव्हेंबरात हलकी वेब आवृत्ती घेऊन परत आले. म्हणजे दोन्ही टोकांना जाऊन लोक तोंडावर पडलेत. माझा नियम साधा आहे. फक्त बघायचं असेल तर वेब. कॅमेरा आणि बिनरेंजचं काम असेल तर ॲप. वेबवरही आता यातलं बरंच करता येतं, पण दिवसाला वीस फोटो आणि तासभर रेंज नाही अशा ठिकाणी मी अजून ॲपवरच भरवसा ठेवतो.

त्यानं गेटसाठी फ्लटरमध्ये अँड्रॉइड ॲप केलं. फ्लटर गूगलचं, एकदा लिहिलं की आयफोनवरही नेता येतं. आयफोन मात्र मुद्दाम नंतर ठेवला. गूगल प्लेचं खातं २५ डॉलर, एकदाच. ॲपलचं ९९ डॉलर, दर वर्षी. रक्कम मोठी नाही, पण गेटवर कुणाकडं आयफोन आहे? मालकांकडं आहे, आणि मालकांना वेबपान दिलंय.

प्लेचं खातं काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस दाखवावे लागतात. सुरुवातीला ही संख्या २० होती. कंपनीच्या नावानं खातं काढलं तर डन्स नंबर लागतो. गिऱ्हाईकाला "सोमवारी ॲप देतो" असं सांगण्याआधी कॅलेंडर बघा. आणि खातं तुमच्याच नावावर हवं, एजन्सीच्या नाही! सोर्स कोड आणि ॲपवर सही करायची किल्लीही तुमच्याकडं. हे करारात लिहून घ्या. एजन्सीशी वाजलं आणि खातं त्यांचं असलं, तर तुमच्याच गिऱ्हाईकांच्या फोनमध्ये दुसऱ्याचं ॲप बसलेलं असतं.

परवानग्यांचं थोडक्यात. गेटवाल्याला नग दिसले पाहिजेत, दर दिसता कामा नये. माणूस काम सोडून गेला तर ऑफिसातनं त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करता यायला हवं. आणि कॅमेरा सोडून काही मागू नका. कॉन्टॅक्ट, लोकेशन कशाला पाहिजेत? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. आपल्याला एवढा कोण लावणार, हे बरोबर. पण जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळायचीही भानगड नाही.

पैसा कुठनं आला

गोल्ड लोन काढलं नाही. त्यानं सगळ्या गिऱ्हाईकांना सांगितलं, गेटचं ॲप करतोय, पहिल्या वर्षाचे ८,००० रुपये आगाऊ देणाऱ्यांच्या गेटवर आधी बसवणार, आणि तीन महिन्यांत नाही आलं तर पैसे परत. ३४ जणांना ॲप हवं होतं ना? आगाऊ दिले नऊ जणांनी.

तो नाराज झाला. मी म्हटलं, अरे, हेच तर कळायला पाहिजे होतं! नऊ जणांचे ७२,००० आले. पुणं-मुंबईतल्या एजन्सीऐवजी कोल्हापुरातलाच एक एकटा काम करणारा प्रोग्रामर घेतला, दहा आठवड्यांचं काम, १,१०,००० रुपये. वरचे ३८,००० यानं स्वतःचे घातले. सर्व्हरचा खर्च महिन्याला अडीच हजार, म्हणजे वर्षाला ३०,०००, तो पुढच्या वर्षीच्या वर्गणीतनं सुटतो. आणि जे मोठं गिऱ्हाईक मार्चची धमकी देत होतं, ते या नऊ जणांत नव्हतं. त्याला फक्त मालकाचं वेबपान हवं होतं. ते मिळाल्यावर विषय संपला.

ॲप आल्यावर काय झालं

पहिल्या आठवड्यात ॲप जवळजवळ कुणी वापरलं नाही. कारण ऐकून मी पण चाट पडलो. स्टोअरवाला म्हणाला, "साहेब, रिचार्ज माझा, फोन माझा, आणि काम कंपनीचं व्हय?" बरोबरच होतं त्याचं. आम्ही दोघांनी एवढा विचार केला, पण फोन कुणाचा हा प्रश्नच कुणाला सुचला नाही. शेवटी मालकांशी बोलून प्रत्येक गेटवर कंपनीचा एक साधा फोन ठेवला, दोरीनं टेबलाला बांधून. मग एक फोन आणि चार माणसं, म्हणून प्रत्येकाला चार आकडी पिन. हा बदल करायला प्रोग्रामरला नऊ दिवस लागले.

नंतर लक्षात आलं, तेलकट बोटानं छोटी बटणं लागत नाहीत. बटणं अंगठ्याएवढी केली. आकड्यांसाठी ॲपचाच मोठा कीपॅड दिला. उन्हात पडदा दिसत नव्हता, म्हणून काळ्यावर पांढरं सोडून पांढऱ्यावर काळं केलं. "इनवर्ड क्वांटिटी" काढून "आले किती" आणि "मोजले किती" असं लिहिलं. आणि ई-पीक पाहणीसारखी दुरुस्तीची मुदत ठेवली, पण ४८ तासांची नाही. त्याच दिवशी रात्री आठपर्यंत गेटवाला आकडा बदलू शकतो, त्यानंतर फक्त ऑफिस, आणि जुना आकडा पुसायचा नाही, खोडलेला दिसला पाहिजे.

नऊपैकी सहा गेटवर आता गाडी उभी असतानाच नोंद होते. दोन ठिकाणी अजून संध्याकाळी एकदम टाकतात. एका ठिकाणी बंदच पडलंय, कारण तिथला स्टोअरवाला बदलला आणि नव्याला कुणी शिकवलं नाही. डाउनलोड किती झाले हे तो बघतच नाही. गाडी आल्यापासून नोंद होईपर्यंत किती मिनिटं गेली, तेवढं एकच रोज रात्री बघतो.

परवा एका फौंड्रीचा माणूस त्या मशीन शॉपच्या मालकाला फोनवर म्हणाला, "तुमचे १९६ च कसे, मी २०० पाठवलेत." मालकानं चलनाचा फोटो, मोजलेला आकडा आणि ११ वाजून २२ मिनिटांची वेळ त्याच मिनिटाला पाठवून दिली. तो फौंड्रीवाला आता या पोराला विचारतोय, आमच्या गेटवर बसवायला किती घेणार?